वाकड्या वाटेचा हिशेब

ऑलिंपिकमध्ये पुरुष जी थाळी फेकतात ती दोन किलोची असते, व्यास साधारण २२ सेंटिमीटर. डिस्क गोल्फमध्ये लांबच्या फेकीसाठी वापरतात ती प्लॅस्टिकची डिस्क व्यासाला २१ सेंटिमीटरच्या जराशी वर, म्हणजे जवळपास तेवढीच. वजन मात्र फार तर १७५ ग्रॅम. थाळीफेकीचा जागतिक विक्रम पंचाहत्तर मीटरच्या आसपास घुटमळतो आहे. डिस्कची नोंदली गेलेली विक्रमी फेक आहे ३३८ मीटर. डेव्हिड विगिन्स ज्युनियर या तरुणानं ती २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात, प्रिम इथे, पाठीवर भरपूर वारा घेऊन फेकली.

हे आकडे ऐकून माणूस चकित होतो, आणि तिथेच त्याची पहिली गल्लत होते. त्याला वाटतं, हलकी वस्तू आहे, जोरात फेकली की लांब जाते. थाळीच्या बाबतीत जोर हा बराचसा खरा हिशेब आहे. दोन किलोचं वजन हातातून सुटल्यावर हवा त्याला थोडंफार उचलते, थोडंफार अडवते, पण दिशा बहुतेक हातानंच ठरवलेली असते. १७५ ग्रॅमची डिस्क मात्र बोटांतून निसटली की हवेच्या ताब्यात जाते. ती आधी एकीकडे कलते, मग दुसरीकडे; शेवटी तर हमखास एका बाजूला गळते. ती सरळ जातच नाही. जाते तेव्हाही दोन वाकडेपणांची वजाबाकी होऊन ती सरळ दिसते एवढंच. हा खेळ शिकणं म्हणजे ती वजाबाकी शिकणं.

खेळाचे नियम दोन मिनिटांत सांगून होतात. गोल्फसारखाच, बहुधा अठरा टप्प्यांचा कोर्स. चेंडूऐवजी डिस्क, खळग्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. टीपॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या चौथऱ्यावरून, फेकायचं, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायचं, कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. बहुतेक कोर्स सार्वजनिक बागांत असतात आणि तिथे पैसे पडत नाहीत. जगभरात असे कोर्स आता पंधरा हजारांच्या वर आहेत. निम्म्याहून जास्त अमेरिकेत, पण फिनलंड आणि एस्टोनियासारख्या लहान देशांत लोकसंख्येच्या मानानं त्यांची दाटी जास्त आहे. तिथल्या जंगलात झाडांमधून बोगद्यासारख्या वाटा काढलेल्या असतात. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं महिलांचं जगज्जेतेपद मिळवणारी क्रिस्टिन टाटर एस्टोनियाचीच.

या सगळ्याचं मूळ गाव मात्र कॅलिफोर्नियात आहे. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, पॅसाडिनाला लागून, सॅन गेब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी ओक ग्रोव्ह नावाची बाग आहे. हल्ली तिचं नाव हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क. तिच्या कुंपणापलीकडे नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. म्हणजे मंगळावर गाड्या उतरवणारी माणसं दुपारी डबा खायला बाहेर पडली तर त्यांना जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स दिसतो. १९७५ साली तो एड हेड्रिक यांनी आखला. सुरुवातीला टोपल्या नव्हत्या. खांबाला डिस्क लागली की झालं. लागली की नाही यावरून भांडणं होऊ लागली, तेव्हा हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली तयार केली आणि १९७७ साली तिचं पेटंट मिळवलं. साखळी खणखणते, डिस्कचा वेग गिळते आणि वाद मिटवते.

हेड्रिक हे गृहस्थ मुळात व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीतले. फ्रेड मॉरिसन यांनी घडवलेली उडती तबकडी या कंपनीनं १९५७ साली विकत घेतली आणि तिला फ्रिस्बी म्हणून बाजारात आणलं. ती मजेदार होती, पण डुगडुगायची. हेड्रिक यांनी तिच्या पाठीवर एकात एक गोल वळ्या उमटवल्या; वरून वाहणारी हवा जरा खवळली की तबकडी स्थिर उडते, असा तो विचार. त्याचं पेटंट १९६७चं. पुढे खेळाडूंची संघटना, पीडीजीए, त्यांनीच काढली आणि सभासद क्रमांक एक स्वतःकडे ठेवला. २००२ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क ओतण्यात आल्या. आपल्याकडे रक्षा वाहत्या पाण्यात सोडतात. या माणसानं वाहत्या हवेत सोडवून घेतली. मला हे अजिबात विचित्र वाटत नाही.

तरी आजच्या डिस्कचा खरा जन्म त्यानंतरचा आहे. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी फ्रिस्बीची जाड, गोलसर कडा तासून तिला उतार दिला. इनोव्हा ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. मुंबई-पुण्याकडची तरुण मुलं अल्टिमेट हा फ्रिस्बीचा सांघिक खेळ खेळताना जी १७५ ग्रॅमची तबकडी फेकतात ती सुमारे २७ सेंटिमीटर रुंद असते. तेवढंच वजन २१ सेंटिमीटरमध्ये दाबा, त्यातलं बरंचसं कडेच्या रिममध्ये भरा आणि कडा धारदार करा, की गोल्फची डिस्क तयार. ती हवा कापते, दुप्पट लांब जाते, आणि झेलायला गेलं तर बोटं सुजवते. नियमही या कडेभोवतीच विणलेले आहेत. व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन, रिमची रुंदी २.६ सेंटिमीटरच्या आत. १७५ ग्रॅमचा आकडा पहिल्या नियमातूनच येतो.

आता मुद्द्याचं. डिस्क वळते का?

उजव्या हातानं, हात छातीसमोरून आडवा ओढून फेकलेली डिस्क, म्हणजे बॅकहँड, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. अव्वल खेळाडूच्या हातातून ती ताशी ११० किलोमीटरच्या पुढच्या वेगानं सुटते आणि मिनिटाला हजारावर गिरक्या घेते. हवा तिला खालून उचलते, हे उघड आहे. गोम अशी की ही उचल नेमकी मध्यावर लागत नाही. डिस्क वेगात आणि सपाट असते तेव्हा उचलीचा भर मध्याच्या जरा मागे पडतो, म्हणजे पुढची कड खाली दबते. वेग ओसरतो, डिस्क खाली यायला लागते, हवा तिच्या पोटाला जास्त कोनातून भिडते, तेव्हा तोच भर मध्याच्या पुढे सरकतो आणि पुढची कड वर उचलली जाते.

डिस्क फिरत नसती तर ती सरळ कोलमडली असती. भोवरा आठवा. फिरत्या भोवऱ्याला तुम्ही एका बाजूनं ढकललंत तर तो त्या बाजूला न पडता काटकोनात कलतो. डिस्कचंही तेच. पुढची कड दबली की डिस्क उजवीकडे कलते. पुढची कड उचलली की डावीकडे. म्हणून उजव्या हाताची बॅकहँड फेक आधी किंचित उजवीकडे सरकते आणि शेवटी डावीकडे झुकत उतरते. पहिल्याला खेळाडू टर्न म्हणतात, दुसऱ्याला फेड. डावखुऱ्याचं सगळं उलट. उजव्या हातानं फोरहँड फेकलं तरी उलट, कारण गिरकीच उलटी होते.

एवढ्या दोन ओळींच्या गोष्टीवर माणसांनी बरीच वर्षं घालवली आहेत. मँचेस्टर विद्यापीठात जोनाथन पॉट्स आणि विल्यम क्राउदर यांनी डिस्क वाऱ्याच्या बोगद्यात बसवून तिच्यावरची बलं मोजली. सॅरा हमेल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत २००३ साली फ्रिस्बीच्या उड्डाणाचं गणिती प्रारूप प्रबंधात मांडलं. राल्फ लॉरेन्झ हे शनीच्या टायटन चंद्रावर उतरलेल्या ह्युजेन्स यानाशी संबंधित ग्रहशास्त्रज्ञ. त्यांनी फिरत उडणाऱ्या वस्तूंवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि फ्रिस्बीत संवेदक बसवून त्या स्वतः फेकल्या. शास्त्र कळलं म्हणून फेक सुधारते असं नाही. पण चुकलेली फेक का चुकली हे मात्र त्यातून लगेच वाचता येतं, आणि या खेळातलं शिकणं म्हणजे बरंचसं हे वाचनच.

पॅसाडिनाजवळच्या एका मोठ्या हिरवळीवर रविवारी सकाळी माझा भाचा सराव करतो. तो संगणकावर काम करतो. तीन वर्षांपूर्वी मित्रांनी ओढून नेलं आणि तेव्हापासून त्याच्या गाडीच्या डिकीत कपड्यांपेक्षा डिस्क जास्त आहेत. सरावाला टोपली लागत नाही. एकाच जातीचे दहा-बारा पटर, म्हणजे जवळच्या फेकीच्या हळू डिस्क, घ्यायचे, एका टोकाला उभं राहायचं, फेकायचे, चालत जाऊन गोळा करायचे, उलट दिशेला फेकायचे. पाहणाऱ्याला कंटाळा यावा असा हा प्रकार आहे. पण मी गेलो त्या दिवशी तो दर फेकीनंतर काहीतरी पुटपुटत होता. "नोज वर." "नोज वर." मग एकदा, "हां."

"नोज म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"मामा, डिस्क ज्या दिशेला चाललीय त्या दिशेपेक्षा तिचं तोंड वर असलं की संपलं. चार-पाच अंशसुद्धा पुरतात. वर चढते, तिथेच दम तोडते आणि डावीकडे आपटते. नवा माणूस म्हणतो, मी तर खूप जोरात फेकली. जोरातच फेकलेली असते. ती सगळी ताकद वर चढण्यात जाते."

भौतिकशास्त्राच्या भाषेत त्याचं म्हणणं बरोबर होतं. तोंड वर म्हणजे हवेशी मोठा कोन. मोठा कोन म्हणजे जास्त उचल, पण त्याहून जास्त रोध. वेग भराभर उतरतो आणि फेड लवकर सुरू होतो. गंमत अशी की लांब फेकायचं म्हणून माणूस जितका हात वर नेतो तितकं हे वाढतं. उंची हवी असेल तर पूर्ण फेकीचा मार्ग वर नेतात, डिस्कचं तोंड त्या मार्गावर सपाट किंवा किंचित खालीच ठेवतात. डोक्याला हे पटतं, मनगटाला पटत नाही.

मनगटाला पटवण्यासाठी प्रशिक्षक नाना युक्त्या सांगतात. सगळ्यांत जास्त ऐकू येणारी म्हणजे कुलुपात चावी फिरवल्यासारखं मनगट आतून फिरव. भाच्यानं माझ्यासमोर ते अगदी सावकाश करून दाखवलं. डिस्क छातीशी, अंगठा वर रिमच्या आतल्या बाजूला दाबलेला, चारही बोटं खाली रिममध्ये घट्ट. हात मागे नेताना पाठ जवळजवळ टोपलीकडे वळते. मग पुढचा पाय रोवायचा. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, आणि सगळ्यांत शेवटी कोपर आणि मनगट. हाताला घाई करायची नाही. पाय रोवल्यावर शरीर थांबतं आणि ती थांबलेली गती हातात उतरते, म्हणून हात आपोआप चाबकासारखा सुटतो. डिस्क छातीपासून सरळ रेषेत ओढली पाहिजे. ती शरीराभोवती गोल फिरवत आणली की सुटण्याची जागा दर वेळी बदलते आणि मग दिशेचा भरवसा नाही.

हल्ली मध्यभागी संवेदक बसवलेल्या डिस्क मिळतात. टेकडिस्क हे त्यातलं सगळ्यांत माहीत असलेलं नाव. जाळीत फेकायचं, की फोनवर वेग, गिरक्या, नोजचा कोन, बाजूचा कल असं सगळं येतं. भाच्याच्या एका मित्राकडे ती आहे. ते दोघं अर्धा तास आकडे वाचत उभे होते आणि तेवढ्या वेळात हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई तिच्या लहान मुलीबरोबर तीसेक फेकी करून गेली. मला विचाराल तर दोन्ही लागतं, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी डोळ्याला डिस्कची वाट वाचता आली पाहिजे. आकड्यांनी फक्त डोळा खोटं बोलतोय का ते तपासावं.

नवशिक्याची दुसरी अडचण त्याच्या हातात नसून पिशवीत असते. दुकानात गेल्यावर तो सगळ्यांत वेगवान डिस्क उचलतो. दोष त्याचा एकट्याचा नाही. डिस्कवर छापलेले आकडेच तसे भुलवतात. चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड म्हणजे तरंगत राहणं, टर्न, फेड. इनोव्हानं ही पद्धत रूढ केली आणि बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी ती उचलली. एव्हिएर हा जुना, नावाजलेला पटर २, ३, ०, १ असा आहे. लेपर्ड ६, ५, उणे २, १. डिस्ट्रॉयर १२, ५, उणे १, ३. फायरबर्ड ९, ३, ०, ४. पहिला आकडा मोठा म्हणजे डिस्क वेगवान, असं वाचून माणूस डिस्ट्रॉयर घेतो. पण स्पीड हा डिस्कनं तुम्हाला दिलेला वेग नाही, तो तुमच्याकडून मागितलेला वेग आहे. रुंद, धारदार रिमच्या डिस्कला तिच्या मापाचा वेग मिळाला तरच ती छापल्याप्रमाणे वागते. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरनं फेकणाऱ्याच्या हातून तिच्या उड्डाणातला पहिला अर्धा भाग येतच नाही. टर्न गायब, ग्लाइड अर्धवट, उरतो तो फक्त शेवटचा फेड. मैदानावर गेलात तर नवीन माणसाला लांबूनही ओळखाल: त्याची प्रत्येक फेक डावीकडच्या झुडपात असते आणि पिशवीत महागड्या ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या वेगवान डिस्क, असतात. तोच माणूस पटर किंवा मधल्या पल्ल्याची मिडरेंज घेऊन फेकेल तर ती जास्त सरळ आणि कित्येकदा जास्त लांबही जाते.

शिवाय हे आकडे म्हणजे काही वजनमापाच्या खात्यानं शिक्का मारलेले नाहीत. प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. एकाच साच्यातल्या दोन डिस्कसुद्धा सारख्या निघत नाहीत, कारण गरम प्लॅस्टिक निवताना आकसतं आणि किती आकसेल हे प्लॅस्टिकवर, रंगावर, त्या दिवशीच्या उत्पादनावर अवलंबून असतं. एकीची पाठ फुगीर, दुसरीची सपाट. साच्याचा वरचा आणि खालचा भाग जुळतात तिथे कडेवर एक बारीक रेघ उमटते. ही रेघ जितकी वर, तितकी डिस्क हट्टी. म्हणजे टर्न कमी, फेड जास्त. अशा डिस्कला ओव्हरस्टेबल म्हणतात आणि जी सहज उजवीकडे कलते तिला अंडरस्टेबल. दुकानात जुने खेळाडू डिस्क विकत घेण्यापूर्वी डोळे मिटून अंगठा त्या रेघेवरून फिरवतात. आंबे घेणाऱ्या अनुभवी माणसाला जसा वास पुरतो, तसा त्यांना अंगठा पुरतो.

माझ्या दृष्टीनं या खेळातली सगळ्यांत देखणी गोष्ट यापुढे येते. डिस्क झिजते. झाडावर आपटते, दगडावर घासते, कडेला ओरखडे पडतात, आकार सूक्ष्मपणे बदलतो आणि ती हळूहळू जास्त अंडरस्टेबल होत जाते. साध्या स्वस्त प्लॅस्टिकची काही महिन्यांत, महागड्या टिकाऊ प्लॅस्टिकची काही वर्षांत. बहुतेक खेळांत झिजलेलं साधन टाकून देतात. इथे ते जपतात. इनोव्हाची रॉक नावाची जुनी मिडरेंज डिस्क आहे. अनेक खेळाडू तिच्या तीन-चार पिढ्या एकाच पिशवीत बाळगतात. कोरी करकरीत रॉक वाऱ्यात आणि डावीकडे वळायचं असेल तेव्हा. वर्षभर वापरलेली सरळ वाटेसाठी. आणि पार घासून मऊ झालेली उजवीकडे हळुवार वळवायला. साचा एकच, पकड एकच, वय वेगळं. हाताला काहीच नवीन शिकावं लागत नाही. मला हे विकत घेतलेल्या सात-आठ वेगवेगळ्या डिस्कपेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं, पण कंपन्यांना असं वाटण्याचं काही कारण नाही.

आता वजाबाकीकडे परत. डिस्क सुटताना तिची बाहेरची कड खाली असेल तर त्याला हायझर म्हणतात, वर असेल तर अँहायझर. उजव्या हाताच्या बॅकहँडला हायझर म्हणजे डावीकडे कललेली डिस्क. ती डावीकडेच वळत जाते, आणि हाच या खेळातला सगळ्यांत भरवशाचा फटका, कारण डिस्कला शेवटी जिकडे जायचंच होतं तिकडे तिला पहिल्यापासून जाऊ दिलेलं असतं. याच्या पुढची पायरी म्हणजे हायझर-फ्लिप. अंडरस्टेबल डिस्क मुद्दाम थोड्या हायझरवर, पुरेशा वेगानं सोडायची. वेगामुळे ती उजवीकडे कलायला बघते, पण आधीच डावीकडे कललेली असल्यानं कलता कलता फक्त सपाट होते आणि मग लांबवर सरळ तरंगत जाते. जंगलातल्या अरुंद वाटांत हाच फटका उपयोगी. तिसरा फ्लेक्स शॉट: हट्टी, ओव्हरस्टेबल डिस्क अँहायझरवर सोडायची. ती आधी उजवीकडे जाते, मग तिचा हट्ट जागा होतो आणि ती परत डावीकडे येते. आकाशात इंग्रजी एससारखा आकार उमटतो. पाहायला सुंदर, चुकला तर डिस्क रस्त्यापलीकडे.

वारा हे सगळं नव्यानं लिहायला लावतो. समोरून वारा आला की हवेच्या मानानं डिस्कचा वेग वाढतो. जमिनीवरून कुणी काही म्हणो, डिस्कला तेवढंच कळतं. म्हणून समोरच्या वाऱ्यात ती जास्त टर्न घेते, वर उचलली जाते आणि अंडरस्टेबल डिस्क तर पालथी होते. पाठीमागून वारा असेल तर उलट: लवकर खाली बसते, फेड जास्त. डोंगरातल्या विरळ हवेत, कोलोरॅडोसारख्या राज्यात, तीच डिस्क समुद्रकिनाऱ्यापेक्षा जास्त हट्टी वागते. सांताक्रूझच्या डेलाविगा कोर्सवर सत्ताविसावा टप्पा टेकडीच्या माथ्यावरून खाली उतरतो; समोर मोंटेरेचा उपसागर दिसतो आणि समुद्रावरचा वारा अंगावर येतो. तिथे टीपॅडवर उभा राहिलेला माणूस आधी समुद्राकडे पाहतो, मग पिशवीकडे, मग पुन्हा समुद्राकडे. बाहेरून आलेल्या पर्यटकांना वाटतं, तो दृश्य पाहतोय.

ओक ग्रोव्हमध्ये मला एक सत्तरीचे गृहस्थ भेटले. पिशवी नव्हती, हातात तीन डिस्क, तीनही जुन्या. समोर एका ओकचा बुंधा टोपली झाकून उभा होता. तरुण मुलं बुंध्याच्या डावीकडून लांब वळसा घालून ड्रायव्हर फेकत होती आणि पलीकडच्या उतारावर घसरत जात होती. यांनी पटर घेतला, दोन पावलं टाकली, डिस्क बाहेरून चांगली कलवून, जवळपास उभी, अगदी सौम्यपणे सोडली. बुंध्याच्या उजवीकडून ती गेली, डावीकडे वळली, टोपलीपासून चार पावलांवर टेकली आणि हललीही नाही. सगळा प्रकार इतका संथ होता की मला कसलंच कौशल्य दिसलं नाही, आणि नंतर वाटलं की ते न दिसणं हेच त्यांनी कमावलेलं असणार. मग टोपलीजवळ दहा मीटरच्या आत आल्यावर तोल न जाता फेकायचं, पुढे पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांनी अगदी शाळकरी मुलासारखा पाळला. कुणी पाहत नव्हतं.

सौम्य पटरची किंमत जगाला कळली ती २०२१ साली, युटामधल्या ऑग्डन इथे. जागतिक स्पर्धेच्या शेवटच्या फेरीचा शेवटचा टप्पा. पाच वेळचा जगज्जेता पॉल मॅकबेथ एका फेकीनं पुढे. जेम्स कॉनराड मागे, आणि टोपली सुमारे पंचाहत्तर मीटर लांब. मॅकबेथ तेव्हा या खेळातला सगळ्यांत मोठा माणूस होता. त्याच वर्षी त्याचा डिस्क्राफ्ट कंपनीबरोबर दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार झाला होता. कॉनराडला बरोबरी साधायची तर तिथूनच थेट टोपलीत टाकणं भाग होतं. त्यानं एन्व्ही नावाचा पटर काढला. ती फेक यंत्रजालावर लाखो लोकांनी पाहिली आहे. साखळ्या वाजतात आणि क्षणभरानं गर्दी मैदानात धावते. पुढच्या निर्णायक टप्प्यावर कॉनराड जिंकला. लोक तिला चमत्कार म्हणतात. थोडं नशीब होतंच. पण पंचाहत्तर मीटरवर ड्रायव्हर न काढता हळू, कमी फेडची, हातात मुरलेली डिस्क काढणं यात नशिबाचा काही संबंध नव्हता.

भाच्याची अशी मुरलेली डिस्क म्हणजे एक लेपर्ड, पिवळी, कडेनं पांढरी पडलेली. दोन वर्षं वापरून ती नेमकी हायझर-फ्लिपला बसेल अशी झाली होती. एका रविवारी ती ओढ्यापलीकडच्या झाडीत गेली आणि सापडली नाही. या खेळात डिस्कच्या पोटावर मार्करनं नाव आणि फोन नंबर लिहितात, आणि सापडलेली डिस्क परत करायची रीत बऱ्यापैकी पाळली जाते. पाच-सहा महिन्यांनी एका अनोळखी माणसाचा फोन आला. दिलगिरी व्यक्त करत म्हणाला, नंबर पुसट होता, आज उन्हात वाचता आला, तोवर मीच फेकत होतो. भाचा जाऊन भेटला. दोघं तिथल्याच मोकळ्या जागेत दोन-तीनदा फेकून पाहायला उभे राहिले. इतक्या महिन्यांत त्या माणसानं तिला झाडांवर भरपूर आपटलं होतं. भाच्याच्या वेगाला ती आता सपाट होऊन थांबत नव्हती, पालथी होऊन उजवीकडे पळत होती. त्या माणसाच्या संथ हातून मात्र ती अगदी सरळ जात होती.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"त्यालाच दिली. माझा नंबर खोडून त्याचा लिहिला. आता एक नवी घेतलीय, पण ती अजून फार हट्टी आहे."